उसन्या उपग्रहापासून

गेल्या महिन्याच्या टपालात रायपूरहून एका वाचकभगिनींचे पत्र आले. अक्षर वळणदार होते, मजकूर मात्र थोडा रागाचा. त्यांच्या सूनबाई दोन मुले सांभाळून एका मुक्त विद्यापीठातून बी. ए. करीत आहेत. आपल्या देशातील विद्यापीठे आफ्रिकेतील हजारो विद्यार्थ्यांनाही घरबसल्या शिकवितात, असे कोठेसे वाचून बाईंनी विचारले आहे : "आपल्याच घरची इतकी माणसे शिकायची राहिलेली असता ही दूरदेशीची उठाठेव कशासाठी? आधी घरच्या पंगतीला वाढावे, मग वेशीबाहेर पान मांडावे, हे बरे नव्हे का?"

प्रश्न रास्त आहे. ह्या सदरातून अशा प्रश्नांना दोन ओळींचे उत्तर देऊन आम्ही सहसा मोकळे होतो. ह्या वेळी तसे करवत नाही. कारण पंगतीची उपमा देताना बाईंना एक गोष्ट ठाऊक नसावी. ह्या पंगतीत आपण वाढपी म्हणून फार उशिरा उभे राहिलो. त्याआधी कित्येक वर्षे आपण दुसऱ्याच्या घरून वाटी उसनी आणीत होतो.

वाटीची ही हकीगत सांगण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे सांगतो. भाषांतराचे काम करणाऱ्याची ही खोडच असते. आपल्याकडे पूर्वापार एक सुटसुटीत शब्द आहे : "बाहेरून". अमक्याने बाहेरून मॅट्रिक केले, तमकीने बाहेरून बी. ए. केले. त्या एका शब्दात नोकरी, संसार, गरिबी, क्वचित वैधव्य, सारे काही सामावलेले असे. पण त्यात एक उणेपणाही होता. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याला विद्यापीठ केवळ परीक्षा देऊ करीत असे, शिक्षण नव्हे. पुढे "पत्रद्वारा शिक्षण" आले, मग "मुक्त विद्यापीठ" आणि "दूरशिक्षण". "मुक्त" ह्या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो. तेथे फी माफ असते काय, असे एका गृहस्थांनी आम्हांस गंभीरपणे विचारले होते. तसे नाही. वयाची, वेळेची आणि पूर्वीच्या प्रमाणपत्रांची आडकाठी जेथे शक्य तितकी कमी केलेली असते, ते मुक्त. आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते नव्हे, तर शिकविण्यासाठीच आत घेणे, हे त्या विद्यापीठाचे खरे काम.

भारतात ह्याचा आरंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाने झाला. डॉ. दौलतसिंग कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती शिफारस केली होती. परंतु पूर्ण विद्यापीठच ह्या पद्धतीवर उभे करण्याचे धाडस प्रथम इंग्लंडने केले. १९६९ मध्ये तेथील ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली. आशियात हे धाडस कोणी प्रथम केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते पाकिस्तानने केले. १९७४ मध्ये इस्लामाबादेस जनतेचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्याला कवी इक्बाल ह्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर १९७८ मध्ये थायलंड व १९८० मध्ये श्रीलंका ह्या वाटेने गेले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादेस निघाले, ते १९८२ साली. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांच्या गाठी तोवर काही वर्षांचा अनुभव जमा झाला होता. नेतृत्वाची भाषा बोलताना हा क्रम आपण विसरू नये.

आता उसन्या वाटीविषयी. १ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पडदे उजळले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये. कित्येक गावांत तोवर वीज नीट पोहोचली नव्हती. तेथे संच चालविण्यासाठी बॅटऱ्यांची व्यवस्था करावी लागली. सकाळी शाळकरी मुलांसाठी व संध्याकाळी थोरांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन इत्यादी विषयांवरील कार्यक्रम होत. कार्यक्रम आपले, संच आपले, ते बसविणारे व दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपले. पण ज्या उपग्रहावरून ही चित्रे खाली येत होती, तो मात्र अमेरिकेचा होता, आणि तोही एका वर्षाच्या बोलीवर मिळालेला. विक्रम साराभाई ह्यांनी ह्या प्रयोगाची कल्पना मांडली व करारही घडवून आणला. तो प्रत्यक्षात आलेला पाहण्यास ते हयात नव्हते. ३१ जुलै १९७६ रोजी बोलीप्रमाणे उपग्रह परत गेला आणि खेड्यांतील पडदे पुन्हा काळे झाले. त्या वर्षभरात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे ह्याचे धडे मिळाले होते; ते मात्र परत नेण्याजोगे नव्हते.

आपल्या घरांत रीत आहे : शेजारणीने साखर दिली, तर तिची वाटी रिकामी परत करू नये. भारताने पुढील चाळीस-पन्नास वर्षांत दूरशिक्षणाच्या क्षेत्रात शेजाऱ्यांशी आणि आफ्रिकेशी जे व्यवहार केले, त्यांकडे ह्या रीतीच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील चांगले-वाईट चटकन नजरेत भरते.

ते व्यवहार समजण्यासाठी मुक्त विद्यापीठ चालते कसे, हे थोडे पाहावे लागेल. नेहमीच्या महाविद्यालयात प्राध्यापक वर्गात येतो आणि बोलतो; विद्यार्थ्याला कळले नाही, तर त्याच्या चेहऱ्यावरून ते ताडता येते. येथे चेहराच नाही. म्हणून धडा अशा रीतीने लिहावा लागतो की वाचणाऱ्याला जेथे अडखळायला होईल, तेथे तो आधीच थांबलेला असावा. विषयाचे जाणकार, भाषेचे संपादक, चित्रकार असे अनेक जण मिळून एकेक पुस्तिका तयार करतात. जागोजागी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे विद्यार्थ्याने लिहून पाठवायची आणि कोणीतरी ती तपासून, शेरे मारून, वेळेत परत करायची. गावोगावी अभ्यासकेंद्रे असतात. तेथे रविवारी मार्गदर्शक शिक्षक भेटतात. ह्या साखळीतील एक कडी निसटली की सारे ओमफस्स.

ह्याचा अनुभव आमच्या घरीच आला. माझी थोरली बहीण लग्नानंतर अशाच एका संस्थेतून शिकत होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. परीक्षा झाली आणि त्यानंतर अकराव्या दिवशी त्याच परीक्षेच्या पुस्तिकांचा गठ्ठा पोस्टमनने दारात आणून टाकला. सुतळीने नीट बांधलेला, पत्ता अचूक. दुसऱ्या एका विद्यार्थिनीच्या पुस्तिका रात्री उतरवून घेऊन ती उत्तीर्ण झाली होती, म्हणून तो गठ्ठा पाहून तिला हसू आले. तशी सोय नसलेल्या किती जणींनी त्या वर्षी शिक्षण सोडले असेल, हे कोणत्या अहवालात यायचे? दूरशिक्षणाविषयी उपग्रहांच्या आणि करारांच्या बातम्या वाचताना मला तो गठ्ठा आठवतो. मोठ्या योजनांची परीक्षा शेवटी अशाच एखाद्या दारात होते.

१९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जी. राम रेड्डी ह्यांनाच दिल्लीस बोलावून नव्या विद्यापीठाची धुरा त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १९८७ मध्ये तेथे शिकविणे सुरू झाले, तेव्हा अभ्यासक्रम दोनच होते आणि विद्यार्थी ४५२८. एक अभ्यासक्रम व्यवस्थापनाचा, ह्यात नवल नाही. दुसरा मात्र खुद्द दूरशिक्षणाचा होता : दूरून कसे शिकवावे, हे दूरूनच शिकविणारा. प्रथम शिक्षक तयार करावे आणि मग शाळा वाढवावी, हा विचार आरंभीच ज्यांना सुचला, त्यांच्या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटते. पुढे शेजाऱ्यांच्या उपयोगी जे पडले, त्याचे मूळ ह्या दुसऱ्या अभ्यासक्रमात आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ परिचयाचे आहेच. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचे ब्रीद अनेक घरांतील प्रमाणपत्रांवर आढळेल. १९८९ मध्ये ते निघाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. हैदराबाद, नाशिक, दिल्ली असा माणसांचा आणि अनुभवाचा हा प्रवाह देशातल्या देशात चालू होता. त्याच सुमारास तो देशाबाहेरही वाहू लागला.

१९८७ साली व्हॅंकूव्हर येथे राष्ट्रकुलातील शासनप्रमुखांची परिषद भरली. केवळ दूरशिक्षणाच्या प्रसारासाठी सर्व सभासद राष्ट्रांनी मिळून एक संस्था काढावी, असे तेथे ठरले. इंग्रजीत तिला "कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग" म्हणतात. मराठीत "विद्येचे राष्ट्रकुल" म्हणता येईल. कॅनडाने तिला जागा दिली आणि भारत तिच्या आधारस्तंभांपैकी एक झाला. तिचे पहिले अध्यक्ष जेम्स मराज हे त्रिनिदादचे. मळ्यांवर मजुरी करावयास समुद्रापार गेलेल्या भारतीयांच्या वंशातील हे गृहस्थ पॅसिफिक महासागरातील बेटाबेटांवर पसरलेल्या दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाचे कुलगुरू होते; तेव्हा विद्यार्थी आणि गुरू ह्यांच्यामध्ये समुद्र असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते. पुढे २०१२ पासून २०२३ पर्यंत ह्याच संस्थेचे अध्यक्षपद डॉ. आशा कंवर ह्या भारतीय विदुषींनी भूषविले. त्याही पूर्वी आपल्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात उपकुलगुरू होत्या.

ह्या संस्थेच्या साहाय्याने दिल्लीस १९९३ मध्ये दूरशिक्षणाच्या अध्यापकांना तयार करणारी एक स्वतंत्र शाखा राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात निघाली. पुढच्याच वर्षी आशियातील शैक्षणिक चित्रफिती, ध्वनिफिती व आकाशवाणी-कार्यक्रम ह्यांच्यासाठी एक केंद्रही दिल्लीत आले. वर्तमानपत्रांत ह्यांची बातमी आली असली, तर ती आतल्या पानावर आली असेल. पण माझे मत विचाराल, तर ह्या क्षेत्रातील भारताचे सर्वांत टिकाऊ काम हेच. पदवी दिली की ती एका माणसाची होते. धडा लिहिण्याची विद्या दिली, तर घेणारा देश आपल्या माणसांसाठी आपल्या भाषेत धडे लिहू लागतो आणि मग त्याला आपली गरज उरत नाही. शेजाऱ्याला आपली गरज उरू नये असे वाटणे फार कठीण असते. माणसाला आणि राष्ट्रालाही.

येथे भाषांतरकाराच्या अनुभवाचा एक भाग सांगावासा वाटतो. परक्या देशात लिहिलेला धडा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही आणि आपला तिकडे चालत नाही. जमाखर्चाच्या पुस्तिकेतील रुपये बांगलादेशात टका झाले पाहिजेत आणि इथिओपियात बिर्र. एवढे तर सोपे आहे. पण शेतीच्या धड्यात आपण "खरीप" म्हणून पुढे जातो. केनियाच्या पुष्कळशा भागात मोठा पाऊस मार्च ते मे ह्या महिन्यांत पडतो आणि धाकटा पाऊस वर्षअखेरीस. मग आपल्या धड्यातील पेरणीचे सारे वेळापत्रक तेथे निरर्थक ठरते. इथिओपियाची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांच्या पंचांगात तेरा महिने आहेत आणि घड्याळाचे तास ते सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणू, तो त्यांचा एक. आपल्या आजोबांना हे चटकन कळले असते, कारण सूर्योदयापासून घटका मोजणे आपल्याकडेही होतेच. पण "उत्तरे अमुक तारखेपर्यंत, अमुक वाजता पाठ" असे दिल्लीहून पाठविलेले सूचनापत्र अदिस अबाबात वाचणाऱ्याला मनातल्या मनात दोनदा भाषांतर करावे लागते. धडा देणाऱ्याने तो बदलण्याची मोकळीकही बरोबर द्यावी लागते. ती दिली नाही, तर साखर दिली खरी, पण डबा कुलूपबंद दिला, असे होते.

इथिओपियाचे नाव निघाले म्हणून सांगतो : त्या देशाशी आपला शिक्षकी पेशाचा संबंध जुना आहे. सम्राट हाइले सेलासी ह्यांच्या राजवटीत भारतातून, विशेषतः केरळातून, कित्येक शिक्षक तेथील शाळांत शिकवावयास गेले. ते सहकुटुंब जात, डोंगराळ मुलखातील लहान लहान गावी राहत. आज साठी-सत्तरी उलटलेल्या कित्येक इथिओपियन लोकांना गणिताचे भारतीय मास्तर आठवतात.

तेव्हा १६ सप्टेंबर २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांनी दक्षिण आफ्रिकेत अखिल आफ्रिकी संसदेपुढे भाषण करताना, साऱ्या आफ्रिका खंडातील विद्यापीठे व रुग्णालये भारतातील विद्यापीठांशी व रुग्णालयांशी उपग्रहाने व तारांनी जोडण्याची कल्पना मांडली, तेव्हा ती काही अगदीच अधांतरी नव्हती. योगायोग असा की, त्यानंतर चारच दिवसांनी, २० सप्टेंबरला, केवळ शिक्षणासाठी बांधलेला आपला "एज्युसॅट" हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. उसन्या उपग्रहाला तोवर अठ्ठावीस वर्षे लोटली होती.

कलामांच्या कल्पनेला २००५ मध्ये आफ्रिकी संघाशी कराराचे रूप आले. २००७ मध्ये इथिओपियात प्रयोगादाखल आरंभ झाला आणि २००९ मध्ये मुख्य योजना सुरू झाली. भारत सरकारच्या दूरसंचार सल्लागार कंपनीने ती उभारली. मुख्य भूकेंद्र सेनेगल देशातील डाकार शहरी. तेथून समुद्रतळाच्या तारेने भारताशी जोड, आणि उपग्रहाने आफ्रिकेतील इतर देशांशी. दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासह आपल्या काही विद्यापीठांतील प्राध्यापक येथे कॅमेऱ्यासमोर उभे राहून शिकवीत आणि तिकडच्या केंद्रांतील विद्यार्थी त्यांना प्रत्यक्ष प्रश्न विचारू शकत. चाळीसहून अधिक देश ह्या जाळ्यात आले. सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांनी ह्यातून निरनिराळे अभ्यासक्रम पुरे केले, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले आहे. डॉक्टरांचा सल्लाही ह्याच मार्गाने जाई, पण तो विषय वेगळा.

बावीस हजार हा आकडा मोठा की लहान? एका खंडाच्या मानाने थोडा आहे. जो विद्यार्थी त्यात आहे त्याच्या घरच्या मानाने प्रचंड आहे. अडचणीही उघड होत्या. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात, तेव्हा अदिस अबाबात दीड आणि डाकारला सकाळचे साडेदहा. नोकरी करणाऱ्याला तर संध्याकाळीच शिकायला सवड, आणि डाकारची संध्याकाळ म्हणजे आपली जवळजवळ मध्यरात्र. शिवाय सेनेगलसारख्या देशांत उच्च शिक्षण फ्रेंचमधून चालते आणि आपले पाठ बहुतांशी इंग्रजीत. जेथे मुख्य भूकेंद्र, तेथल्याच पुष्कळ विद्यार्थ्यांना भाषेचा उंबरठा, असा हा प्रकार. तारा टाकणे सोपे. उंबरठे तासणे अवघड.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात धरावी. आफ्रिका काही कोरी पाटी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील "युनिसा" हे विद्यापीठ १९४६ पासून, म्हणजे आपल्या दिल्लीच्या प्रयोगापूर्वी सोळा वर्षे, पत्रद्वारा शिकवीत होते. नेल्सन मंडेला ह्यांनी तुरुंगात राहून त्याच विद्यापीठातून १९८९ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. नायजेरियाने १९८३ मध्ये मुक्त विद्यापीठ काढले. पुढच्याच वर्षी लष्करी राजवटीने ते बंद केले आणि २००२ मध्ये ते पुन्हा उघडले. टांझानियाचे मुक्त विद्यापीठ १९९२ पासून आहे. ज्यांच्याकडे हे सारे आहे, त्यांच्याशी बोलताना आपला सूर बरोबरीचाच हवा.

२०१७ मध्ये त्या योजनेची मुदत सरली. तिचा दुसरा अवतार "ई-विद्याभारती" ह्या नावाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाला. आता खास भूकेंद्राची गरज उरली नाही. इंटरनेट जेथे आहे, तेथे पाठ पोहोचतो आणि विद्यार्थी आपल्या सवडीने तो पाहू शकतो. आफ्रिकेतील १५ हजार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याचे ह्यात योजिले गेले. वेळेची अडचण ह्यामुळे बरीच सुटते. विजेची आणि भाषेची सुटत नाही.

दूरच्या आफ्रिकेशी हे जमले. अगदी शेजारच्या अंगणात मात्र तितके जमलेले नाही, हे मला खटकते. दक्षिण आशियातील सार्क राष्ट्रांनी एकमेकांच्या मुक्त विद्यापीठांची सांगड घालावी, एकाच्या पुस्तिका दुसऱ्याने वापराव्या, एकाकडे मिळविलेले गुणांक दुसऱ्याने मानावे, असे विचार कितीतरी वर्षे चालू आहेत. भाषांकडे पाहिले, तर ह्याहून सोयीचा प्रदेश जगात विरळा. ढाक्याजवळ गाजीपूरला १९९२ पासून बांगलादेशाचे मुक्त विद्यापीठ आहे. कोलकात्यास नेताजी सुभाषांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ आहे. दोन्ही ठिकाणी भाषा बंगाली. श्रीलंकेचा तमिळ विद्यार्थी आणि तमिळनाडूचा विद्यार्थी एकच पुस्तिका वाचू शकतात. नेपाळने २०१६ मध्ये आपले मुक्त विद्यापीठ काढले; दार्जिलिंगकडे नेपाळी बोलणारे आपलेच नागरिक आहेत. उर्दूच्या बाबतीत इस्लामाबाद आणि हैदराबाद ह्यांना एकमेकांपासून पुष्कळ घेता आले असते.

परंतु सार्कची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर भरलेलीच नाही. मध्यंतरी, ५ मे २०१७ रोजी, भारताने आपल्या खर्चाने बांधलेला "दक्षिण आशिया उपग्रह" सोडला आणि त्याचा लाभ अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ व श्रीलंका ह्यांना देऊ केला. दूरशिक्षण हा त्याच्या हेतूंपैकी एक होता. पाकिस्तान त्यात आला नाही. ज्या देशाने आशियात पहिले मुक्त विद्यापीठ काढले, तोच ह्या उपग्रहाच्या छत्राबाहेर राहिला. ह्यात दोष कोणाचा किती, हा राजकारणाचा प्रश्न ह्या सदराचा नव्हे. मात्र आशियाई मुक्त विद्यापीठांची जी संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली, तिच्यात इस्लामाबाद आणि दिल्ली ही दोन्ही विद्यापीठे सभासद आहेत. सरकारे बोलत नाहीत, तेव्हा अध्यापकांनी एकमेकांचे निबंध ऐकावयास बसावे, एवढी तरी जागा त्यामुळे शिल्लक आहे.

शेजारधर्माची एक बाजू घरातच पाळावी लागते. आपल्या प्रमाणपत्राला परदेशात मान हवा असेल, तर ते येथे विश्वासाचे असले पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काही अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगीवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर कठोर निर्णय दिला. काही वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेची संधी देण्यात आली; नंतरच्या वर्षांतील पदव्या रद्दच झाल्या. प्रयोगशाळेवाचून यंत्रविद्या शिकविता येत नाही, हे खरेच. पण त्या विद्यार्थ्यांनी फी भरली होती, रात्री जागविल्या होत्या. त्यांची ती वर्षे कोण परत देणार? दाराशी उशिरा पोहोचलेला पुस्तिकांचा गठ्ठा आणि न्यायालयाने रद्द केलेली पदवी ह्यांत अंतर फार आहे. परंतु दोन्हींत नुकसान सोसतो तो सर्वांत बाहेर उभा असलेला विद्यार्थीच.

तर रायपूरच्या भगिनींस आमचे उत्तर असे. घरच्या पंगतीला आधी वाढावे, हे आपले म्हणणे मान्य. परंतु दूरशिक्षणात घरचे व बाहेरचे अशी दोन स्वयंपाकघरे नसतात. आफ्रिकेतील विद्यार्थ्यासाठी धडा अधिक सोपा, अधिक स्पष्ट करून लिहिला, तर तोच धडा बस्तरच्या आणि गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतो. आपल्या विद्यापीठाने तयार केलेल्या बहुतेक पुस्तिका आता संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ह्या भांडाराचे नाव "ई-ज्ञानकोश" असे आहे. सूनबाईंच्या विद्यापीठाची एखादी पुस्तिका वेळेत आली नाही, तर त्यांना तेथे त्या विषयाचा धडा मिळण्याचा बराच संभव आहे. नैरोबीतील एखादी विद्यार्थिनीही कदाचित तोच धडा उघडून बसलेली असेल.

सूनबाईंची परीक्षा डिसेंबरात आहे, असे आपण लिहिले आहे. त्या दिवसांत नातवंडांना सांभाळण्याचे आपण मान्य केले आहे, हेही पत्राच्या शेवटी, जरा तक्रारीच्या सुरात, नमूद केले आहे. निकाल लागताच ह्या पत्त्यावर अवश्य कळवावा.